क्लच प्लेट बदलून बदलून थकलात? आधी गिअरबॉक्सचं सेंटर तपासा

घरी बांधलेल्या रेसच्या गाडीत ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या क्रमानं येते. सुरुवातीला गाडी छान चालते. मग इंजिन चांगलं तापलं की रिव्हर्स टाकताना खर्र आवाज यायला लागतो. पुढे पहिला गिअर अडतो, पेडल तळाला टेकलं तरी गाडी पुढे ओढते. मग एखाद्या दिवशी ट्रॅकवर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप निघून लिव्हर न्यूट्रलला येते. उघडून पाहावं तर क्लच प्लेटच्या हबला (मधल्या भागाला) तडा गेलेला, डॅम्परच्या (धक्के शोषणाऱ्या) स्प्रिंगा खिळखिळ्या झालेल्या आणि पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारी छोटी नळी) खाल्लेला. नवी प्लेट घातली की थोडे दिवस बरे जातात, आणि परत तेच रडगाणं. त्यानंतर प्रेशर प्लेट बदलते, मास्टर सिलिंडर बदलतो, कुणीतरी सांगतं म्हणून गिअर ऑइल बदलतं. शेवटी गिअरबॉक्सच दुसरा येतो, आणि तोही पहिल्यासारखाच वागतो.

एखादा पार्ट एकदा गेला तर पार्टला दोष द्यावा. तोच पार्ट तशाच पद्धतीनं पुन्हा पुन्हा जात असेल, तर तो जिथं बसलाय ती जागा मोजायला हवी. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा आणि मध्ये दोघांना जोडणारी, हातानं केलेली अडॅप्टर प्लेट असेल, तर माझा पहिला संशय नेहमी एकाच गोष्टीवर जातो: क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मध्यरेषा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची (क्लचकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याची) मध्यरेषा एक नाही.

आपल्याकडे ही वेळ कशी येते, तेही सांगतो. मागची चाकं फिरवणारी हलकी गाडी बांधायची तर मारुती जिप्सीचा गिअरबॉक्स अनेकांना आवडतो, आणि त्याला कारण आहे. जिप्सीत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी टांगलेली असते आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे ट्रान्स्फर केस काढून टाकायची आणि गिअरबॉक्समधून थेट मागच्या ॲक्सलला प्रोपेलर शाफ्ट न्यायचा, इतकं ते सोपं पडतं. जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं इंजिनही सोबत घेतलं तर प्रश्नच मिटला, दोन्ही कंपनीतून जोडीनंच आलेले असतात. पण जास्त ताकद हवी म्हणून कुणी पुढची चाकं फिरवणाऱ्या एखाद्या गाडीचं आडवं इंजिन उचलतो, ते उभं बसवतो आणि मागे हा गिअरबॉक्स जोडतो. इथून पुढे अडॅप्टर प्लेटचा खेळ सुरू होतो. (मोटरसायकलचं इंजिन वापरणाऱ्यांनी ही पोस्ट सोडून दिली तरी चालेल. तुमचा गिअरबॉक्स क्रँककेसमध्येच असतो. तुमची दुःखं वेगळी.)

बोल्ट दाबतो, डॉवेल जागा ठरवतो

घरगुती प्लेटमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी गफलत ही आहे. प्लेट काढताना बेल हाउसिंगचं (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचं) तोंड पुठ्ठ्यावर ठेवतात, बोल्टची भोकं पेन्सिलनं उतरवतात, पुठ्ठा लेथवाल्याकडे जातो आणि प्लेट तयार होते. बोल्ट सगळे बसतात, म्हणून काम जमलं असं वाटतं. पण एम १० बोल्टसाठी साधारण ११ मिमीचं भोक असतं. म्हणजे प्रत्येक बोल्टभोवती अर्धा मिमी मोकळी जागा. त्यात प्लेट वर, खाली, डावीकडे कुठेही सरकून बसू शकते आणि बोल्ट आवळले की तिथंच पक्की होते. कंपनीच्या जोडणीत ही जागा बोल्ट ठरवतच नाहीत. ब्लॉकमध्ये ठोकलेल्या दोन डॉवेल पिना ठरवतात, आणि त्यांच्या भोकांना ढिलाई जवळजवळ नसते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्ट कसा धरलेला असतो ते डोळ्यांसमोर आणा. केसिंगच्या पुढच्या भिंतीत एक बॉल बेअरिंग. शाफ्टचं मागचं टोक पोकळ, त्यात मेन शाफ्टचं नाक नीडल रोलरवर बसलेलं. आणि पुढचं टोक इंजिनच्या क्रँकमध्ये किंवा फ्लायव्हीलच्या मध्यात, पायलट बुशमध्ये. म्हणजे हा शाफ्ट अर्धा गिअरबॉक्सच्या आधारानं आणि अर्धा इंजिनच्या आधारानं उभा असतो. दोघांची मध्यरेषा जुळली नाही तर तो दर फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. ६००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. शाफ्ट कडक पोलादाचा असतो, तो सहसा तुटत नाही. ओढाताण त्याच्या शेजाऱ्यांना सोसावी लागते: बुश, क्लच प्लेटचा हब, पुढचं बेअरिंग. खुंटा मध्यात नसलेलं जातं दळताना जसं एका बाजूला घासतं, तसाच प्रकार.

क्लच न सुटण्याचं कारणही यातच आहे. पेडल दाबल्यावर क्लच प्लेट स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचांवर) किंचित मागे सरकून मोकळी व्हायला हवी. शाफ्ट तिरका दाबला गेला असेल तर हब स्प्लाइनवर चिकटतो आणि प्लेट फ्लायव्हीलला घासत राहते. इंजिन तापलं की हे आणखी वाढतं. हायड्रॉलिक ठणठणीत असूनही क्लच ‘ओढतो’ तो असा.

आधी स्वस्तातली कारणं बाद करा

गिअरबॉक्स उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, म्हणून आधी वरवरचं उरकून घ्या. स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सजवळच्या, क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरचा) रॉड पेडलच्या पूर्ण दाबावर किती सरकतो ते पट्टीनं मोजा आणि इंजिन गरम झाल्यावर पुन्हा मोजा. गरमला सरकणं कमी झालं तर हवा, फ्लुइड किंवा एक्झॉस्टच्या अगदी जवळून गेलेला पाइप बघा. पेडल दाबताना फायरवॉल वाकते का तेही पाहून घ्या. पातळ पत्र्याच्या घरगुती गाडीत हे हमखास होतं आणि मास्टर सिलिंडरचा अर्धा स्ट्रोक पत्रा वाकवण्यातच जातो.

क्लच प्लेट उलटी बसली नाही ना? बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कुठली ते कोरलेलं असतं. हसू नका, मिश्र जोडणीत ही गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते, कारण प्लेट एका गाडीची, प्रेशर प्लेट दुसरीची आणि मिस्त्रीला दोन्ही अनोळखी.

दुसरा गिअर निघत असेल आणि चौथा निघत नसेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आत आहे: झिजलेले दात, फोर्क, नाहीतर गिअर जागेवर धरणारी डिटेंटची स्प्रिंग. चौथाच निघत असेल तर इकडे वळा. अशा गिअरबॉक्समध्ये चौथा थेट असतो, म्हणजे स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती कडी) सरळ इनपुट शाफ्टच्या दातांवर चढते. शाफ्ट तिरका असेल तर तीच स्लीव्ह दर फेऱ्याला थोडी थोडी मागे ढकलली जाते.

मग ही साधी चाचणी. इंजिन बंद, गाडी स्टँडवर, मागची चाकं अधांतरी, गाडी गिअरमध्ये. एकानं क्लच दाबून धरायचा, दुसऱ्यानं प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवायचा. किती जड जातो ते लक्षात ठेवा. आता गिअरबॉक्सखाली जॅक नुसता टेकवून ठेवा, बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट एक-दोन आटे सैल करा आणि पुन्हा फिरवा. स्पष्टपणे हलका झाला, तर हायड्रॉलिकच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बोल्ट आवळल्यावरच शाफ्ट अडकतोय, म्हणजे जोडणी तिरकी आहे. हातात काही उपकरण नसताना यापेक्षा चांगला पुरावा मिळत नाही.

काढलेले पार्ट फेकू नका, ते वाचा

गॅरेजमध्ये जुना बुश काढला की थेट भंगारात जातो. तो हातात घ्या, पुसा, उजेडात धरा. दोष कुठे आहे ते तो सांगतो.

बुश क्रँकसोबत फिरतो, गिअरबॉक्स मात्र जागेवर स्थिर असतो. आता विचार करा. बेल हाउसिंगच सरकलेलं असेल, तर शाफ्टचा दाब गाडीच्या एका ठरावीक दिशेला येतो, समजा वरच्या बाजूला. बुश फिरत असल्यामुळे त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीनं त्या दाबाखाली येते. म्हणून असा बुश सगळीकडून सारखा मोठा होतो, गोल राहतो पण ढिला होतो. उलट बुशचं भोकच क्रँकच्या मध्यापासून सरकलेलं असेल, तर दाबाची जागा बुशबरोबरच फिरते. तेव्हा तो एकाच बाजूनं खाल्ला जातो आणि अंड्यासारखा होतो. आणि भोकाचं एक तोंड घंटेसारखं पसरलं असेल, आत मात्र माप नीट असेल, तर शाफ्ट कोनात आहे: प्लेटची दोन तोंडं एकमेकांना समांतर नाहीत, किंवा मध्ये कुठेतरी रंगाचा थर, बर, वेल्डिंगचा कण अडकलाय.

क्लच प्लेटचंही असंच. अस्तर चांगलं आणि हब तुटलेला, ही प्लेट जोर जास्त झाल्यानं गेलेली नाही. जोरानं गेलेली प्लेट जळलेली, काळी-निळी पडलेली दिसते आणि वासानंच कळते. अस्तर जवळजवळ नवं असताना स्प्रिंगांच्या खिडक्या फाटल्या असतील तर ते दर फेऱ्याच्या वाकण्याचं काम आहे. दुकानदार ‘हेवी ड्युटी घ्या’ म्हणेल. हेवी ड्युटी प्लेट थोडी जास्त टिकेल आणि तेवढ्या वेळात पुढचं बेअरिंग खाईल.

डायल गेज लावायचा कसा

इथं घाई करू नका, सगळा निर्णय या मापावर आहे. डायल गेज (मिमीचे शतांश दाखवणारं काट्याचं मापयंत्र) आणि मॅग्नेटिक स्टँड विकत घ्यायची गरज नाही, कुठल्याही लेथवाल्याकडे मिळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत ओळख असेल तर संध्याकाळपुरता उसना मिळतो, फक्त परत करताना डबा पुसून द्या.

इंजिन नेहमीच्या फिरत्या इंजिन स्टँडवर असेल तर हे माप घेता येत नाही, कारण तो स्टँड ब्लॉकला त्याच बोल्टांवर धरतो. इंजिन गाडीतच असू द्या किंवा लाकडी घोडीवर सरळ ठेवा. स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हातानं सहज फिरेल. क्लच काढा, फ्लायव्हील राहू द्या. ब्लॉकचं तोंड, प्लेटच्या दोन्ही बाजू आणि बेल हाउसिंगचं तोंड ऑइल स्टोननं हलकं घासून पुसून घ्या. रंग असेल तर काढा. मग प्लेट आणि रिकामं बेल हाउसिंग नेहमीच्या टॉर्कला आवळा.

स्टँडचा चुंबक फ्लायव्हीलवर बसवा आणि गेजची टोकणी बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीला लावा. याच भोकात गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगची कॉलर बसते, म्हणून हेच खरं सेंटर. हात जितका आखूड ठेवाल तितकं बरं, लांब हात स्वतःच्या वजनानं लवतो आणि खोटं माप देतो. घड्याळाच्या १२ वर शून्य करा. क्रँक हळूहळू फिरवत ३, ६ आणि ९ वर वाचा, पुन्हा १२ वर या. तिथं परत शून्य आलं नाही तर काहीतरी हललंय, सगळं पहिल्यापासून करा.

एक उदाहरण घेऊ. १२ वर ०, ३ वर +०.१८, ६ वर +०.४२, ९ वर +०.२४ मिमी. आधी माप खरं आहे का ते पडताळा: वर-खालची बेरीज ०.४२, डाव्या-उजव्याची बेरीजही ०.४२. गोल भोकात या दोन बेरजा सारख्याच यायला हव्यात. आल्या नाहीत तर भोक गोल नाही किंवा गेज हलला. आता वर-खालचा फरक ०.४२, त्याचा अर्धा म्हणजे ०.२१ मिमी इतकं सेंटर सरकलंय. आडवा फरक ०.०६, त्याचा अर्धा ०.०३. तो सोडून दिला तरी चालेल. टोकणी दाबल्यावर काटा अधिककडे जात असेल, तर खालची भिंत क्रँकच्या जास्त जवळ आहे, म्हणजे बेल हाउसिंग ०.२१ मिमी वर बसलंय. लिव्हरवाल्या गेजमध्ये काटा उलट जाऊ शकतो, म्हणून दिशा ठरवण्याआधी टोकणी बोटानं दाबून खात्री करून घ्या. ‘अर्धा’ करायला विसरून पूर्ण ०.४२ सरकवणारे भेटतात. मग गेज तेवढीच चूक उलट्या दिशेला दाखवतो आणि माणूस गेजवरच संशय घेतो.

किती चालतं? जुना आणि सगळीकडे मानला जाणारा आकडा ५ थाऊ (इंचाचे हजारांश) आहे, म्हणजे गेजवर एकूण ०.१३ मिमी. वरच्या उदाहरणातली गाडी त्याच्या तिपटीहून पुढे गेलेली आहे. त्यानंतर टोकणी बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडावर, जिथं गिअरबॉक्स टेकतो तिथं, लावून कोनही मोजा. तिथंही तेवढ्याच मर्यादेत राहायचं. हे मोजताना क्रँक एका दिशेनं दाबून धरा. नाहीतर क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले गेजवर दिसेल आणि तुम्ही प्लेटला दोष द्याल.

बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सचं केसिंग एकाच ओतकामात असेल तर गेज आत पोहोचत नाही. अशा वेळी भंगारातून त्याच मॉडेलचं फुटकं, रिकामं केसिंग आणा. पुढची बाजू शाबूत असली म्हणजे झालं. त्यावर प्लेटचं सेंटर काढता येतं. दोन केसिंगांमध्ये थोडा फरक असतो, पण पुठ्ठ्यावरून काढलेल्या सेंटरच्या चुकीपुढे तो किरकोळ.

दुरुस्ती

चूक थोडी असेल तर डॉवेल बदलून भागतं. अमेरिकेत शेव्हरलेटच्या व्ही-८ इंजिनांसाठी असे विक्षिप्त डॉवेल तयार विकत मिळतात, ७, १४ आणि २१ थाऊ सरकलेले. ब्लॉकमध्ये जाणारा भाग आणि बाहेर राहणारा भाग यांची सेंटरं तेवढी वेगळी असतात. आपल्या इंजिनांसाठी ते तयार मिळत नाहीत, पण फोर-जॉ चकमध्ये कुणीही चांगला टर्नर करून देतो. दोन्ही डॉवेल एकाच दिशेला, एकसारखे वळवून बसवायचे. एक इकडे आणि एक तिकडे झाला तर बेल हाउसिंग सरकण्याऐवजी गोल फिरेल.

चूक अर्ध्या मिमीच्या पुढे असेल तर माझं मत स्पष्ट आहे: प्लेट टाकून द्या, दुसरी करा. डॉवेलची भोकं कानशीनं मोठी करून, गेज बघत बघत बेल हाउसिंग सरकवून, बोल्ट आवळून ‘जमलं’ म्हणायचं, हा उपाय पहिल्याच उडीपर्यंत टिकतो.

नवी प्लेट व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) किंवा चांगल्या मिलिंगवर करायची. मिस्त्रीला एकच वाक्य सांगा: ‘मिस्त्री, बोल्टच्या भोकांवरून नको, क्रँकच्या सेंटरवरून माप घ्या.’ ब्लॉकच्या दोन डॉवेलची जागा क्रँकच्या मध्यापासून मोजायची, बेल हाउसिंगच्या दोन डॉवेल-भोकांची जागा त्याच्या मधल्या भोकापासून मोजायची, आणि ही चारही भोकं प्लेटमध्ये एकाच सेटिंगमध्ये, एकाच शून्यावरून काढायची. जॉब उलटला की सेंटर हललंच म्हणून समजा. बोल्टची भोकं ड्रिलिंग मशिनवर नंतर काढली तरी चालतात. प्लेट पोलादाची असो वा ॲल्युमिनियमची, दोन्ही तोंडं ग्राइंडिंग किंवा फेस करून समांतर करून घ्या. गॅस कटिंगची प्लेट तशीच वापरू नका, उष्णतेनं ती वाकलेली असते.

पायलट बुश

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बहुतेक वेळा स्वतःच्या दोन बेअरिंगांवर उभा असतो, त्याला क्रँकचा आधार लागत नाही. त्यामुळे क्रँकच्या टोकाला पायलटसाठी नीट बोअर केलेलं भोक नसू शकतं, किंवा नुसतं खडबडीत भोक असतं. त्याच भोकात बुश ठोकून दिला तर तो मध्यात येईल याची काहीच हमी नाही, आणि मग वर सांगितलेला अंड्यासारखा बुश मिळतो. यावर उपाय असा: क्रँक फ्लँजच्या ज्या गोल उठावावर फ्लायव्हील सेंटर होतं, त्याचा आधार घेऊन बुशचा होल्डर बनवायचा. होल्डरचा बाहेरचा व्यास आणि आतलं भोक एकाच सेटिंगमध्ये काढायचं. बसवल्यावर बुशच्या आतल्या भिंतीलाही गेज लावून पाहा. यावेळी गेज ब्लॉकवर स्थिर आणि क्रँक फिरता.

बुश साध्या गनमेटलचा करू शकता, पण तेल मुरवलेला सिंटर्ड ब्रॉन्झ मिळाला तर तोच घ्या. बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि त्याला ग्रीस लावू नका, ग्रीस त्याची बारीक छिद्रं बुजवतं. ठोकून बसवला की आतलं माप थोडं आवळतं, म्हणून बसवल्यावर शाफ्टच्या नाकाशी ०.०३ ते ०.०८ मिमी ढिलाई राहते का ते तपासा. नीडल बेअरिंग हलकं चालतं, पण वाकडी जोडणी ते अजिबात सहन करत नाही आणि जाताना शाफ्टचं नाकही घेऊन जातं. सेंटरची खात्री होईपर्यंत बुशच बरा.

लांबीचा हिशोब

सेंटर जुळलं तरी एक गोष्ट राहते, आणि ती चुकली तर गिअरबॉक्स नाही, इंजिनच जातं. १२ मिमीची प्लेट घातली की गिअरबॉक्स १२ मिमी मागे जातो. इनपुट शाफ्टचं नाक बुशमध्ये तेवढं कमी शिरतं, स्प्लाइनवरची पकड कमी होते, रिलीज बेअरिंग (क्लच सोडवायला बोटांवर दाबणारं) प्रेशर प्लेटच्या बोटांपासून दूर जातं. स्टार्टर गिअरबॉक्सच्या बाजूनं बसत असेल तर त्याचं पिनिअनही रिंगपर्यंत पोहोचत नाही. उलट दुसऱ्या गाडीचा शाफ्ट लांब असेल तर तो क्रँकच्या भोकाच्या तळाला टेकतो.

हे टेकणं बाहेरून कळत नाही. बोल्ट आवळले जातात, सगळं बसलेलं दिसतं, आणि शाफ्ट क्रँकला सतत पुढे रेटत राहतो. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर घासून संपतात. म्हणून गिअरबॉक्स बसवण्याआधी क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे होणारी ढिलाई) गेजनं मोजून लिहून ठेवा, साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो. गिअरबॉक्स आवळल्यावर पुन्हा मोजा. आकडा तोच हवा. कमी झाला तर इंजिन सुरूही करू नका. भोकाच्या तळाशी मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा ठेवून गिअरबॉक्स एकदा बसवून काढला की किती जागा उरते ते दिसतं. तिथं २-३ मिमी मोकळे हवेत. आणि नाक बुशमध्ये निदान स्वतःच्या व्यासाइतकं तरी शिरलेलं असावं, हा माझा ठोकताळा.

लांबी भरून काढायला फ्लायव्हीलमागे स्पेसर घालायचा असेल तर तोही गोल उठावावर सेंटर झाला पाहिजे, नुसत्या बोल्टवर नाही. बोल्ट त्याच दर्जाचे, स्पेसरच्या जाडीइतके लांब, नवे. रेसच्या गाडीत फ्लायव्हील तुमच्या पायांच्या शेजारी फिरत असतं. त्याभोवती जाड पोलादी शील्ड घालायचा कंटाळा करू नका, इथं पैसे वाचवणाऱ्याशी मी वाद घालतो. शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक रिलीज सिलिंडर वापरत असाल तर पेडल सोडलेलं असताना बेअरिंग आणि बोटं यांच्यात ३ ते ५ मिमी अंतर ठेवा. जास्त ठेवलंत तर पेडल दाबताना सिलिंडर आपल्या मर्यादेबाहेर जाऊन सील सोडतो.

बसवताना

गिअरबॉक्स बोल्टनं ओढून बसवू नका. तो हातानं, जॅकवर तोलून, तोंडाला तोंड मिळेपर्यंत सरकला पाहिजे. शेवटचा सेंटिमीटर राहिला आणि अडला, तर क्लच प्लेट सेंटरला नाही किंवा स्प्लाइन जुळलेली नाही. बोल्ट आवळून तो सेंटिमीटर पार केला की हब तिथंच वाकतो. जुना इनपुट शाफ्ट कापून क्लच प्लेट मध्यात धरायचा डमी करून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतो.

गिअरबॉक्स लटकत्या अवस्थेत क्षणभरही हबवर सोडू नका. मागचं माउंटिंग सगळ्यात शेवटी. त्याचं भोक चासीच्या भोकाशी जुळत नसेल तर पहार लावून जुळवायचं नाही, शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला किंवा ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड करा. ओढून लावलेलं माउंटिंग म्हणजे तुम्ही काल शतांश मोजून काढलेलं सेंटर आज पहारीनं बिघडवलं. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही जॉइंटचे कोन सारखे ठेवा, नाहीतर पुढचा भाग दुरुस्त होऊन मागचा बुश जायला लागेल.

सगळं झाल्यावर तीच हातानं फिरवायची चाचणी पुन्हा करा, यावेळी बोल्ट पूर्ण आवळलेले ठेवून. मग गाडी गरम करून रिव्हर्स टाकून पाहा. क्लच दाबल्यावर चार-पाच सेकंद थांबून टाका, कारण रिव्हर्सला बहुतेक वेळा सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून घेणारी रचना) नसतो आणि लगेच टाकला तर चांगला क्लचही खरखरतो. थांबूनही आवाज आला तर क्लच अजून सुटत नाही. तेव्हा रिलीज बेअरिंगचं अंतर आणि रॉडचं सरकणं पुन्हा बघा, सेंटर आता तुम्ही मोजलेलं आहे.

गेजचे आकडे बेल हाउसिंगच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा, आणि प्लेट, ब्लॉक, हाउसिंग तिघांवर एकच खूण पंच करा. ही प्लेट आता त्याच ब्लॉकची झाली. उद्या इंजिन उडालं आणि तसंच दुसरं आणलं, तर तीच प्लेट बसेल, बोल्टही बसतील, पण डॉवेलची जागा ब्लॉकागणिक थोडी वेगळी असते. गेज पुन्हा लावायचा.